जळल्या घरचं पाणी

दादा, लिहायला बसलो आणि पहिल्यांदा तुमचाच आवाज कानात आला, "लिवतंस कशाला? तोंड नाय काय तुला?" तोंड होतं दादा. वेळेवर उघडलं नाही, म्हणून आता कागद घेऊन बसलोय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. दुपारचे अडीच वाजलेत, सकाळच्या आगीवरून आणलेले होजपाइप धुऊन वाळत घातलेत, फायर स्टेशनात पोरं जेवून पत्ते कुटतायत. मी तुमच्याच खुर्चीत बसलोय. खुर्ची तीच आहे, तिच्या एका पायाखाली आता पुठ्ठ्याची घडी आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, इनचार्ज झाला पण खुर्ची सरळ करता येत नाय. खरंच येत नाही. तीन वेळा केली, पुन्हा डुलते.

मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा स्वतःला फार शहाणा समजायचो. पनवेल गावातला, बारावी झालेला, हेवी लायसनवाला. तुम्ही गव्हाणचे, सातवी पास, मिशा तेवढ्या भारदस्त. मला वाटलं, हा म्हातारा मला काय शिकवणार? पहिल्याच दिवशी तुम्ही मला बंबामागे नेलंत. टाकीला बाजूनं काचेची नळी होती, तिच्यात पाणी किती ते दिसायचं. मी ऐटीत म्हटलं, "फुल आहे." तुम्ही बोटं मुडपली आणि टाकीवर खालपासून वरपर्यंत टकटक करत गेलात. खाली आवाज बद्द, वर कमरेच्या उंचीला आल्यावर एकदम पोकळ. अर्धी टाकी रिकामी होती. "काचंत शेवाल बसतंय, पानी अडकून ऱ्हातंय," तुम्ही म्हणालात. "काच खोटं बोलंल. टाकी खोटं बोलत नाय. गाडी हलवायच्या आधी वाजवून बघायची. येताना बी आनि जाताना बी." मी मान डोलावली. मनात म्हटलं, काच बदलून घ्या की, दार ठोठावल्यासारखं टाकी काय ठोठावता! पण बंबाचा ड्रायव्हर म्हणजे पंपही त्यानंच चालवायचा, पाण्याची जबाबदारी त्याचीच. तेव्हा तुमच्या देखत वाजवायचो, तुमची पाठ वळली की काचेवर भागवायचो.

तुमची दुसरी सवय मला जास्त चमत्कारिक वाटायची. कुणाचं घर जळलं की तिसऱ्या दिवशी तुम्ही तिथे परत जायचात. ड्रेस नाही, गाडी नाही, साधा शर्ट आणि पायात चपला. जायचं, दारात उभं राहायचं आणि पाणी मागायचं. खाडीकडच्या त्या कोळ्याच्या घरी मला बरोबर घेऊन गेला होतात, आठवतं? जाळी जळलेली, कौलं खाली आलेली, आणि ती बाई आपल्याला बघून रडायलाच लागली. म्हणाली, "पानी कशात देऊ दादा, भांडा नाय उरला एक." तुम्ही म्हणालात, "वंजळीत दे." आणि खरंच ओंजळ पुढे केलीत. तिनं कळशीतून ओतलं, तुम्ही गटागट प्यालात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "गोड हाय." ती डोळे पुसत हसली. परत येताना मी विचारलं, हा काय प्रकार? तेव्हा म्हणालात, "आग लागली ना, का लोका त्या दारातून जायचं टालतात. अपशकुन वाटतो. आपन जाऊन पानी मागायचं. पानी मागाया कोन येतंय? पावना. पावना आला म्हंजे घर अजून घर हाय." मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मग तो मे महिना. विचुंब्याच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये मीटरबॉक्स पेटला होता. आपण पोचेपर्यंत लोकांनी वाळू टाकून अर्धं काम केलेलं, आपल्याला थोडंसंच पाणी मारावं लागलं. तुम्ही जबाब घ्यायला वर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलात. मी खाली गाडीपाशी. आणि बायका आल्या. हंडे, बादल्या, पाच-सहा डबे. चार दिवस बिल्डिंगला पाणी नव्हतं. एकीच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. ती म्हणाली, "भाऊ, अंग पुसायलासुद्धा नाही हो." आता सांगा, कोण नाही म्हणेल? काचेत बघितलं, पाऊण टाकीच्या वर दिसत होती. म्हटलं, स्टेशनात जाऊन भरायचीच आहे, थोडं दिलं तर काय बिघडतं. उघडला व्हॉल्व्ह. एकीला दिलं की दुसरीला नाही कसं म्हणणार? दहा मिनिटं मी नुसता कर्ण झालो होतो, दादा. बायका आशीर्वाद देतायत, मी "सावकाश, सावकाश, सगळ्यांना मिळेल" म्हणतोय. टाकी वाजवायची आठवण झाली नाही असं नाही. आठवण झाली. पण बायकांसमोर टाकीवर टकटक करत बसायचं मला हलकं वाटलं.

तुम्ही खाली आलात तेव्हा मी व्हॉल्व्ह बंद करून स्टिअरिंगवर बसलो होतो. गाडी सुरू केली आणि वायरलेस बोलला. गावात, जुन्या गल्लीत, घराला आग. आगीची खबर म्हणजे आपली वर्दी, आणि वर्दी आली की नाही म्हणायचं नसतं. दुसरी गाडी लांब होती, आपण सगळ्यांत जवळ. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "टाकी वाजवली?"

मी म्हटलं, "वाजवली."

एवढा एकच शब्द, दादा. नंतर मी तो किती वेळा गिळायला बघितला.

ते घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे सामानाची खोली. आई, दोन मुलगे, एक सून. मोठ्या मुलाचं आखातातलं काम ठरलेलं, नऊ दिवसांवर विमान. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, करारनामा, सगळं मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात. हे आपल्याला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसत होतं की म्हातारी बाहेर ओट्याला धरून उभी आहे आणि "कपाट, कपाट" करतेय. माणसं सगळी बाहेर आली होती, अल्लाची कृपा असं तिचा धाकटा दर मिनिटाला म्हणत होता. तुम्ही होज घेऊन आत गेलात. पडवी विझली. पुढची खोली विझत आली. तुम्ही मागच्या दाराशी पोचलात, आणि माझ्या हाताखाली पंपाचा आवाज बदलला. पाणी संपलं की पंप कसा कोरडा घरघरतो ते तुम्हाला काय सांगायचं. माझ्या डोळ्यांसमोर तो होज मऊ पडला. काचेत अजून पाव टाकी दिसत होती, आणि तुम्ही आत होतात.

तुम्ही कसे बाहेर आलात मला माहीत नाही. भुवया जळलेल्या, एका मिशीचं टोक गेलेलं. दुसरी गाडी आली ती चार-पाच मिनिटांनी. तेवढ्यात कपाट गेलं. मोठा मुलगा रस्त्यावर उकिडवा बसला आणि डोक्यावर हात ठेवले, ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गल्लीच्या तोंडाशी तुम्ही बंबाच्या पायरीवर बसलात. तिथे एक गुलाबी प्लास्टिकचा मग पडला होता, विचुंब्याच्या कुणा बाईचा राहिलेला. तुम्ही तो उचललात, उलटा केलात, त्यातून दोन थेंब पडले. मग टाकीवर एकदाच टकटक केलंत. तुम्ही ओरडाल म्हणून मी तयार होतो. तुम्ही ओरडला नाहीत, तीच तर पंचाईत. म्हणालात, "पानी दिलंस त्याचा मना राग नाय. तान्हेल्याला कोन नाय बोलंल? मी बी दिला असता. पन मोजून दिला असता." मग माझ्याकडे बघितलंत. "मी आत होतू. तू बोललास, वाजवली. तुझ्या शब्दावर मी आत गेलू." मी रडकुंडीला आलो होतो. माफी मागायला लागलो तर हात वर केलात. "माझी कशाला मागतंस? मी तर जिता हाय."

तुम्ही रजिस्टरात खरं ते लिहिलंत. पांघरूण घातलं नाहीत. मला मेमो आला, साहेबांपुढे उभा राहिलो, बोलणी खाल्ली, सहा महिने ड्रायव्हिंगवरून काढून होज धुवायला लावलं. माझी आई म्हणाली, कसला मेला तुझा दादा, जरा सांभाळून घ्यायला काय झालं होतं त्याला? मलाही तेव्हा तसंच वाटलं. मेमो हातात घेऊन मी तुमच्यासमोर आलो, म्हटलं झालं ना आता समाधान? तुम्ही चहा बशीत ओतत होतात. म्हणालात, "मेमो म्हंजे सायबाला उत्तर. त्या म्हातारीला उत्तर कोन देनार? उद्या तिसरा दिवस हाय. एकटा जा. पानी माग. आनि काय झाला ता तुझ्या तोंडानी सांग."

मी गेलो होतो दादा. अगदीच नाही असं नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून घर दिसत होतं. मोठा मुलगा कंपाउंडच्या भिंतीवर अर्धे जळलेले कागद वाळत घालत होता. एकेक कागद सरळ करायचा, वर दगड ठेवायचा. काळे झालेले कोपरे हाताला लागून गळत होते तरी ठेवत होता. मी उभा राहून बघितलं आणि माझे पाय वळले. सरळ एसटी स्टँडवर आलो, रसवंतीत बसलो, उसाचा रस प्यालो, बर्फ घालून. एक संपल्यावर दुसरा प्यालो. तासभर तिथेच घालवून स्टेशनात परत आलो.

तुम्ही दारातच होतात. "गेलास?" "गेलो." "पानी पिलास?" "प्यालो." "कसा होता?"

आणि मी म्हटलं, "गार."

तोंडात बर्फाची चव होती, तीच बाहेर पडली. तुम्ही जरा वेळ माझ्याकडे बघितलंत, "बरा," म्हणालात आणि जाळी झालेल्या होजची ठिगळं तपासायला गेलात. मला वाटलं सुटलो. असं सुटतं का कुणी? पण तेव्हा वाटलं. त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत, आणि मी तुमचा सगळ्यांत शहाणा चेला झालो. टाकी वाजवल्याशिवाय गाडीला किल्ली लावली नाही. तिसऱ्या दिवशी प्रत्येक जळल्या घरी गेलो. झोपडीत, फ्लॅटमध्ये, वखारीच्या वॉचमनकडे, सगळीकडचं पाणी प्यालो. एक घर सोडून. त्या गल्लीतून जायची वेळ आली तर वळसा घालून बाजारातून जायचो.

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी सगळ्यांनी तुम्हाला शाल दिली, नारळ दिला, आणि तुम्ही मला बाजूला घेऊन पिशवीतून एक तांब्याचा पेला काढलात. जुना, आतली कल्हई उडालेली, बाहेरून काळपट. म्हणालात, "हा तुझा हाय. माझ्याकडं ठेवाया दिला होता." मी विचारलं, कुणी दिला? तुम्ही म्हणालात, "कलंल." मी म्हटलं, म्हातारा आज हळवा झालाय. पेला आणून टेबलावर ठेवला आणि त्यात पेनं घातली. तीन वर्षांत तुम्ही गेलात. गव्हाणला आलो होतो मी, खांदाही दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आलो, वहिनींकडे पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "तुमीच येनार ता म्हायती होता." ते पाणी खरंच प्यालो, शप्पथ. पेनं मात्र त्या पेल्यातच राहिली, किती वर्षं.

गेल्या आठवड्यात त्याच गल्लीत वर्दी आली. चपलांच्या दुकानात शॉर्टसर्किट, दहा मिनिटांत विझलं. आता इनचार्ज म्हटल्यावर वळसा कसा घालणार? परवा तिसरा दिवस होता. साध्या कपड्यांत गेलो, दुकानदाराकडे पाणी मागितलं. तो बिचारा बिसलेरी आणायला धावला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "तुम्ही बंबवाले ना?" म्हातारी. खूप वाकलीय आता, पण ओळखली मी. मला तिनं ओळखलं नाही. म्हणाली, "आगीनंतर पाणी मागायला बंबवालेच येतात. आमच्याकडे पण आले होते एक, मोठ्या मिशीचे. एक मिशी आधी जळलेली. गव्हाणचे होते."

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, "पाचव्या दिवशी. पहिलं विचारलं, परवा कोणी आला होता का? मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा म्हणाले, आपा, पाणी आमच्या माणसाच्या हातून संपलं. त्याची नियत वाईट नव्हती, बायकांना पाणी दिलं त्यानं. आता शरमलाय, पण येईल." घरात तेव्हा तोच एक पेला धड उरला होता, आगीत त्याची कल्हई वितळून गेली होती. त्यातूनच तिनं तुम्हाला पाणी दिलं. "मी म्हटलं, हा घेऊन जा, त्याला द्या. म्हणावं, येशील तेव्हा घेऊन ये, ह्याच्यातच पाणी पी. पेला परत द्यायला तरी येईल ना माणूस?" मग हसली. "नाही आला बेटा. गेला असेल कुठे बदलीवर. अल्ला त्याला खूश ठेवो."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी "गार" म्हणालो त्यानंतर दोनच दिवसांनी माहीत झालं होतं, आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत माझ्याशेजारी बसून डबा खाल्लात, मला गाडी दिलीत, नव्या पोरांना सांगितलंत की याच्याकडून शिका. एकदा तरी कानाखाली वाजवायची होती दादा. तुमचा रागसुद्धा आला मला, खोटं कशाला बोलू. मग स्टेशनात येऊन पेनं टेबलावर ओतली आणि पेला चिंचेनं घासत बसलो. पोरं बघत होती. एकानं विचारलं, साहेब, एवढा घासताय, बक्षिसाचा कप आहे का? मी म्हटलं, गप काम कर.

काल दुपारी गेलो. पेला रुमालात गुंडाळून. म्हातारीच्या हातात दिला. तिनं तो फिरवून फिरवून बघितला, आत बोट घालून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "तूच?" म्हणाली. मी म्हटलं, "मीच, आपा. टाकी मी वाजवली नव्हती. वाजवली म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत आलो होतो आणि पळून गेलो." सगळं एका दमात. मोठा मुलगा आत खाटेवर बसून ऐकत होता. केस पिकलेत त्याचे. तो नंतर आखातात गेलाच नाही, दुसऱ्या कुणाला ते काम मिळालं. शाळेची व्हॅन चालवतो. तो उठला, माझ्याशेजारून बाहेर गेला आणि व्हॅनच्या काचा पुसायला लागला. माझ्याकडे बघितलं नाही. पंधरा वर्षं माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवलं नव्हतं, त्यानं एक दुपार बघितलं नाही तर कुठे बिघडलं?

म्हातारीनं पेला धुतला, भरला, दोन्ही हातांनी पुढे केला. आणि मी उभ्यानं प्यायला लागलो तर म्हणाली, "बस. पाहुण्यानं बसून प्यावं." बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिनं पदर पुढे केला नाही की समजूत घातली नाही, नुसती शेजारी बसून राहिली. ते बरं केलं तिनं. निघताना पेला परत द्यायला लागलो तर घेतला नाही. म्हणाली, पुन्हा येशील ना, तेव्हा आण. बाहेर मुलानं व्हॅन थोडी पुढे घेतली, माझी मोटरसायकल निघावी म्हणून.

हे पत्र कुठे टाकू, दादा? गव्हाणच्या पत्त्यावर टाकलं तर वहिनी कुणाकडून वाचून घेतील, आणि त्यांना उगाच सगळं कळेल. तिकडे विमानतळासाठी डोंगर फोडतायत, तुमचं घर हादऱ्यांनी चिरलंय म्हणतात, त्यात ही भर कशाला? घडी करून पेल्यात ठेवीन म्हणतो, पेनांच्या जागी. आत्ता पोरं गाडी बाहेर काढतायत, टकटक ऐकू येतेय, खालपासून वरपर्यंत. तुम्ही विचारलं होतंत, पाणी कसं होतं. गच्चीवरच्या टाकीतलं होतं, दादा. गार नव्हतं. कोमट होतं, आणि मी सगळं प्यालो.